जाड अक्षरं

तळ्याचा तळ दिसायला लागला तेव्हाच कुंभारणीने सांगून टाकलं होतं, "यंदा काही खरं नाही." तिचं म्हणणं कुणी मनावर घेत नसे, कारण दरवर्षी ती हेच म्हणायची. पण यंदा तिच्या तोंडचा शब्द खरा झाला. तळं आटलं, भेगाळलं, आणि ज्या मातीवर या घराचं पोट चालायचं ती माती गावाने वीटभट्टीच्या ठेकेदाराला देऊन टाकली. ठेकेदाराच्या माणसांनी काठाने तारा ठोकल्या. कुंभार नेहमीसारखा पाटी-फावडं घेऊन गेला, तर राखणदाराने त्याला हटकलं, "ओ, कुठे? विचारलं का कुणाला?" जिथे त्याच्या आज्याने माती उकरली होती तिथून तो रिकामी पाटी घेऊन परत आला. वाटेत दुकानदाराने विचारलं, "काय, आज माती नाही?" कुंभार म्हणाला, "आज नाही," आणि मान खाली घालून घरी आला.

अंगणाच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली तेवढा एक ढीग उरला होता. गेल्या वर्षी आणलेली, चाळलेली, भिजवून मुरत ठेवलेली माती. कुंभाराने गोणपाट उचलून तिच्यात हात घातला, मूठभर घेऊन दाबली, वासही घेतला.

"एक आवा निघेल," तो म्हणाला. आवा म्हणजे एकदा भट्टी भरून जेवढी मडकी भाजतात तेवढा माल. "हा नीट उतरला तर उन्हाळाभर बाजाराला घागरी जातील. मग पाऊस पडला की नदीकाठची माती बघू."

"आणि नाही उतरला तर?" कुंभारणीने विचारलं.

त्याने हनुवटीने तळ्यापलीकडच्या धुराड्याकडे दाखवलं. "मग तिकडे. विटा थापायला."

"चांगलं बोला हो काहीतरी. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना."

त्यांना एकच मुलगी. शिक्षिका व्हायचं शिकत होती. तालुक्याच्या विद्यालयातला अभ्यास संपत आला होता आणि सराव पाठ घ्यायला तिला गावचीच शाळा मिळाली होती. गाव तिला छोट्या बाई म्हणायचं. मोठ्या बाई कुणी नव्हत्याच. होते ते गुरुजी, आणि त्यांची खुर्ची. छोट्या बाई सकाळी खांद्याला फुगलेली पिशवी लावून फाटकातून आत आल्या की गुरुजी खुर्चीतूनच म्हणायचे, "आली भंगारवाली." पोरं हसायची. तीही हसायची. हसली नसती तर रडू आलं असतं.

पिशवीत असायचं तरी काय? बिस्किटांचे, साबणाचे, चहाच्या पुड्यांचे कागद, कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले. विद्यालयातून महागाचे छापील तक्ते मिळायचे, पण तिचा जीव या कागदांवर. "गुरुजी, पोरं वाचायला कशावरून शिकतात सांगू? पुड्यावरून. भूक लागली की बिस्किटाचं नाव कुणालाही वाचता येतं," ती म्हणायची. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीला तिने सुतळी बांधली होती. तिच्यावर कपडे वाळत घालावेत तसे चिमट्यांनी शब्द लावायचे, पोरांनी आपला शब्द काढायचा, दुसरा लावायचा. आणि या सगळ्यात तिची लाडकी होती ती परात. आईची जुनी, काठाला पोचा आलेली परात, तिच्यात बापाच्या चाळणीतून चाळलेली वाळू. वाळूत बोटाने अक्षर काढायचं, चुकलं तर परात हलवायची, की झालं पुसून. फळ्यावर चुकलं की सगळा वर्ग बघतो. वाळूत चुकलेलं आपलं आपल्याला कळतं, म्हणून भित्री पोरं परातीपाशी आधी यायची.

एक पोर मात्र परातीपाशीही येत नव्हती. वीटभट्टीवरच्या कामकऱ्यांची पोर होती ती. वर्गात तिच्या तोंडातून शब्द निघत नसे म्हणून सगळे तिला मुकी म्हणायचे. मुकीबिकी काही नव्हती. छोट्या बाईंनी तिला भट्टीवर गाढवांच्या मागे पळताना, असलं काही ओरडताना ऐकलं होतं की गाढवांनी कान पाडावेत. पण शाळेच्या उंबऱ्याच्या आत आली की तोंडाला कुलूप. दाराशी बसायची, चप्पल मांडीखाली घेऊन. कधी उठून पळावं लागेल याचा नेम नाही, अशी.

"तिच्यावर वेळ घालवू नका," गुरुजी म्हणाले. "भट्टीवरची आहे. आज आहे, उद्या नाही. आतापर्यंत चार शाळा हिंडून आली असेल, कुठे लागलंय अक्षर?"

"लागेल की, गुरुजी."

"लागलं तर मला सांगा. मी पेढे वाटतो."

एका दुपारी सगळी पोरं पाणी प्यायला गेली होती. छोट्या बाई सुतळीवरचे शब्द काढत होत्या. वळून बघतात तर मुकी परातीपाशी बसलेली. तिने बाटलीतलं पाणी वाळूत ओतलं होतं. बाईंच्या जिवाला चटका बसला, सगळी वाळू आता उन्हात घालावी लागणार. ओरडणार होत्या, पण थांबल्या. मुकी ओल्या वाळूचा 'म' उभा करत होती. बोटाने काढत नव्हती, थापत होती. दोन्ही तळव्यांनी कडा दाबत, जशी तिची आई विटेच्या कडा दाबायची तशी. अक्षर झालं. मग तिने डोळे मिटले आणि त्याच्यावरून बोट फिरवलं, वरून खाली, गाठीतून, आडवं, पुन्हा वर. एकदा, पुन्हा एकदा.

"काय आहे ते?" बाईंनी हळूच विचारलं.

मुकीने डोळे उघडले, बाईंकडे पाहिलं, आणि तळव्याने अक्षर मोडून टाकलं.

त्या संध्याकाळी मुलगी घरी आली ती चपला न काढताच चाकापाशी गेली. "बाबा, मला मातीची अक्षरं करून द्या. हातात धरता येतील अशी. या पोरीला डोळ्यांनी नाही, हातांनी कळतं. मला दिसलं ते आज."

बाप चाकावर होता. हात घागरीच्या पोटात कोपरापर्यंत गेलेला. "अक्षरं? मला कुठे येतात?"

"मी काढून दाखवते. तुम्ही नुसता आकार बघायचा."

"आणि माती?" आईने विचारलं. ती सावलीत बसून थापटण्याने मडक्याचं बूड थोपटत होती, आत गोटा, बाहेर थापटणं. हात थांबला नाही तिचा. "मोजून मापून माती राहिलीय. त्यात हे तुझं. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं."

"मूठ मूठ तर लागेल गं," बाप म्हणाला. "पोर पहिल्यांदा आपल्याकडून काहीतरी मागतेय."

खरंच होतं ते. शिकायला लागल्यापासून ती त्यांच्याकडून काही मागतच नव्हती. बापालाही कुठेतरी वाटायचं, पोर आपल्या मातीतून वर निघून गेली. बरंच झालं, पण गेली. आता ती जमिनीवर बसून खडूने अक्षरं काढत होती आणि तो तिच्या शेजारी गुडघे मोडून बसला होता. अक्षरांची नावं त्याला ठाऊक नव्हती, त्याने आपली ठेवली. हा खुंटा. ही कमरेत वाकलेली म्हातारी. हे आमच्या गाढवाचं खोगीर. मुलगी हसून हसून लोळायची, आणि आईसुद्धा तोंड फिरवून हसायची. त्या घरात बऱ्याच दिवसांत असं कुणी हसलं नव्हतं.

"जाड करा, बाबा. पोरांच्या हातातून पडतात. पातळ राहिली तर पहिल्याच दिवशी तुकडे."

बापाने हातातला लगदा तोलला. "जाड म्हणजे वाळायला वेळ लागतो गं. वरून वाळल्यासारखं दिसतं, पोटात ओल राहते."

"वेळ आहे की. पाठ अजून पुढच्या महिन्यात आहे."

म्हणून जाड केली. तळहाताएवढी, बोटाच्या दोन पेरांएवढी जाड, भरीव अक्षरं फळीवर सावलीत ठेवली. कुंभाराने रोज त्यांच्या कुशी बदलल्या. घागरी उन्हात वाळत होत्या, अक्षरं सावलीत. उन्हात घातली तर तडकतील, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

मुलीने शाळेत मुकीला सांगून टाकलं, "तुझ्यासाठी मातीची अक्षरं करतेय. माझे बाबा करतायत. तू हातात घ्यायचीस." मुकी दाराशीच बसून राहिली. पण दुसऱ्या दिवशी ती दाराऐवजी परातीजवळ बसली, चप्पल मात्र मांडीखालीच होती.

आणि मग निरोप आला. पाठ बघायला यायच्या त्या तपासणीच्या बाईंना पुढे कुठे जायचं होतं, म्हणून पाठ अलीकडे ओढला होता. हा आठवडा संपायच्या आत. आवा तर उद्या लावायचा होता. घागरी वाळल्या होत्या, लाकूडफाटा, भुसा, गोवऱ्या गोळा झाल्या होत्या, आणि बाजार तोंडावर आला होता.

कुंभार भट्टी भरत होता. खाली गोवऱ्यांचा थर, वर मडकी एकात एक तोंडं जुळवून, मध्ये खापराचे तुकडे. मुलगी फळी घेऊन आली. त्याने 'म' उचलला, गालाला लावला. माती ओली असली की गालाला गार लागते. चूल-भट्टीच्या माणसाला तेवढंच माप पुरतं.

"गार लागतं का?" तिने विचारलं.

"थोडं." त्याने 'म' फळीवर परत ठेवला. मग म्हणाला, "पुढच्या आव्याला घातली तर?"

पुढचा आवा नव्हता. त्यालाही ठाऊक, तिलाही. ती नुसती फळी हातात धरून उभी राहिली, आणि तिचा चेहरा उतरला. लहानपणी जत्रेत काही हवं असलं की ती अशीच उभी राहायची, मागायची नाही. बापाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं चुकलं ते तिथे. आयुष्यभर ज्याने ओली माती आगीत घातली नाही, ज्याने गावातल्या कितीतरी लोकांना "घाई असेल तर दुसरीकडे जा" म्हणून परत लावलं, त्याने पोरीचं तोंड बघितलं आणि म्हणाला, "आण इकडे. हळूहळू तापवतो. आधी नुसता धूर देतो. जाईल ओल."

"काठाला ठेवा मग," आई म्हणाली. तिलाही काही दूधखुळी समजू नका, जन्म गेला होता तिचा मातीत. "आपली फुटली तर फुटली, घागरी तरी वाचतील."

"काठाला कच्ची राहतील. पोरांच्या घामाच्या हातांनी विरघळतील. मध्ये ठेवतो, घागरींच्या बेचक्यात." त्याला ती चांगली भाजून हवी होती. पोरीला दिलेली वस्तू कच्ची देऊन कसं चालेल?

सकाळी भट्टी पेटवली. बराच वेळ त्याने नुसता धूर दिला, ओला भुसा टाकून. आईने दोनदा म्हटलं, "अजून थोडा," आणि दोन्ही वेळा त्याने ऐकलं. पण वारा सुटला. दुष्काळातला कोरडा वारा, तळ्याच्या भेगांवरून मोकळा येणारा. त्याने एका बाजूने तोंड शोधलं आणि आग भसकन आत शिरली. कुंभार माती घेऊन धावला, भोक लिंपलं, पण आग आत गेली ती गेलीच.

पहिला आवाज अगदी बारीक होता. रजईखाली कुणी सुपारी फोडावी तसा. तिघांनीही ऐकला आणि तिघांनीही न ऐकल्यासारखं केलं.

मग दुसरा. मग जरा थांबून एकदम मोठा, आणि त्याच्या मागे घागरी फुटल्याचा ओळखीचा आवाज. जाड माती आतल्या वाफेने फुटते तेव्हा एकटी फुटत नाही. तिचे तुकडे शेजारच्याच्या पोटात घुसतात, ते शेजारचं पुढच्यावर कोसळतं. पेटलेली भट्टी उघडता येत नाही. बसून ऐकायचं, एवढंच. आई भिंतीला टेकून बसली होती, पदराचं टोक तोंडात कोंबून. बाप उभा होता, हात लोंबते. प्रत्येक आवाजाला त्याचा खांदा हलायचा. मुलगी कानावर हात ठेवायला गेली आणि तिने ते परत खाली घेतले. कानावर हात ठेवायचा तिला हक्कच नाही, असं तिला वाटलं.

"बाबा," ती म्हणाली.

"राहू दे."

"बाबा, मीच—"

"राहू दे म्हटलं ना." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आई ओरडली. "शिकलीस ना एवढी? कशाला शिकलीस? तुझ्या अक्षरांनी घर फोडलं गं माझं! जाड हवीत म्हणे, जाड!" आणि मग स्वतःच उठली, मुलीला खसकन जवळ ओढलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. मुलगी रडली नाही. तिचं रडणं आतच अडकलं.

आवा थंड झाल्यावर उघडला. वरचा थर उचलला आणि खाली नुसतं खापर. काठाच्या काही घागरी धड निघाल्या, त्यातल्याही कुणाला तडा, कुणाची मान गेलेली. कुंभार एक एक उचलून बोटाने वाजवत होता. खणखणली की उजवीकडे, बद्द वाजली की डावीकडे. उजवीकडे ठेवायचं फारसं काम पडलं नाही. मधल्या राखेतून त्याने एक अक्षर काढलं. 'म' होता. एक कोपरा उडालेला, बाकी धड, लालभडक भाजलेला. त्याने तो फुंकून साफ केला आणि मुलीच्या हातात दिला.

"हा घे," तो म्हणाला. "एक तरी निघाला."

पाठाच्या दिवशी तपासणीच्या बाई मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या. छोट्या बाईंनी परात घेतली, सुतळी घेतली, पुड्यांचे कागद घेतले. पोरं उड्या मारत शब्द काढत होती, लावत होती, एकाने तर साबणाचं नाव वाचून आपल्या मनानेच त्याची जाहिरात म्हणून दाखवली. तपासणीच्या बाई हसल्या. गुरुजीसुद्धा खुर्ची पुढे ओढून बसले. सगळं छान चाललं होतं आणि छोट्या बाईंना त्यातलं काही आपलं वाटत नव्हतं.

मुकी परातीपाशी बसली होती. तिने हात पुढे केला, तळवा वर करून. सांगितलेलं ती विसरली नव्हती. छोट्या बाईंनी पिशवीतून कोपरा उडालेला 'म' काढला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. मुकीने डोळे मिटले. बोट फिरवलं. वरून खाली, गाठीतून, आडवं, पुन्हा वर. उडालेल्या कोपऱ्याशी बोट थांबलं आणि मग हवेतून पुढे गेलं.

"सांग, बाळ," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "काय आहे?"

पोर गप्प.

"बोलत नाही ती," गुरुजी म्हणाले. "भट्टीवरची आहे."

तपासणीच्या बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. जाताना त्यांनी छोट्या बाईंच्या पाठीवर हात ठेवला. "छान साहित्य आहे तुझं. विशेषतः ती परात. पास झालीस असं समज." ती हो म्हणाली, आभारही मानले. शाळा सुटल्यावर मुकी अक्षर परत द्यायला आली, तेव्हा छोट्या बाईंनी ते तिच्याच मुठीत मिटून परत केलं. "तुलाच आहे ते. घरी ने."

त्याच आठवड्यात कुंभार ठेकेदाराकडे गेला. ठेकेदार फोनवर बोलत होता. त्याने कुंभाराला हाताने थांबायची खूण केली आणि मग विसरून गेला. कुंभार उन्हात उभा राहिला. शेवटी ठेकेदाराचं लक्ष गेलं.

"अरे, तू कुंभार ना? मग तुला काय शिकवायचं? मातीच तर आहे."

"हो. मातीच आहे."

"तुमच्या तळ्याचीच आहे," ठेकेदार म्हणाला आणि हसला. त्याला ते चांगलं वाटलं असावं.

चाक भिंतीला उभं करून ठेवलं. आईने त्याच्यावर गोणपाट टाकलं, ढीग संपल्यावर उरलेलं तेच. बाप सकाळी उजाडायच्या आत जायचा. घागरी बसून करायची सवय, विटा वाकून थापायच्या, पहिल्या दिवसापासून त्याची कंबर धरली. घरी आला की तो पालथा पडायचा आणि आई तेल चोळायची. त्याला विचारलं तर म्हणायचा, "होईल सवय. बिचाऱ्या गाढवाला नाही का झाली?"

मुलगी भट्टीकडे फिरकली नव्हती. तिला धीर होत नव्हता. पण एके दिवशी आईला ताप आला आणि बापाची भाकरी न्यायला दुसरं कुणी नव्हतं. मुकीही बरेच दिवस शाळेत आली नव्हती. काम वाढलं की भट्टीवरची पोरं अशीच गायब व्हायची. गुरुजींनी तिचं नाव खोडायला पेन काढलं होतं, छोट्या बाईंनीच थांबवलं होतं.

तळ्याच्या तळात ती उतरली. विटांच्या रांगाच रांगा लागल्या होत्या, ओल्या, काळपट. धूळ, धूर, आणि उन्हाचा झळाळ. लांबूनच तिला बापाची पाठ ओळखू आली. तो वाकून साच्यात माती भरत होता, तळव्याने घासून सपाट करत होता, साचा उलटत होता, उचलत होता. पुन्हा भरत होता. ती हाक मारणार एवढ्यात तिला आवाज ऐकू आला.

"म. म. म. म."

मुकी होती. रांगेच्या कडेने उकिडवी सरकत होती. बापाने वीट उलटून टाकली की तिच्यावर ठेकेदाराच्या नावाचं पहिलं अक्षर उठायचं, साच्याच्या तळाशी ते कोरलेलं होतं. मुकी प्रत्येक विटेवरच्या अक्षरावरून बोट फिरवत होती, हलकेच, ओली माती बिघडणार नाही अशी, आणि मोठ्याने म्हणत होती. तिच्या दुसऱ्या मुठीत कोपरा उडालेला लाल 'म' होता. ती तो विटेशेजारी धरायची, मिळवून बघायची, आणि मग म्हणायची, "म." मग पुढच्या विटेकडे.

भाकरीचं फडकं धरून मुलगी तिथेच उभी राहिली. हे ऐकायला ती किती आसुसली होती! रात्री अंथरुणावर तिने हा आवाज मनातल्या मनात ऐकला होता, वर्गातला, सुतळीखालचा, परातीपाशी. पोर वाचत होती. उघड्या तोंडाने, सगळ्या भट्टीला ऐकू जाईल असं वाचत होती. आणि आनंद म्हणून तिला होईना. आवा फुटला त्या दिवशी अडकलेलं सगळं वर आलं आणि ती उभ्या उभ्या रडायला लागली.

बापाने वळून पाहिलं. कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला.

"आलीस? आईला बरं आहे का?"

तिने मान हलवली.

"सकाळपासून अशी माझ्या मागे मागे फिरतेय," तो मुकीकडे बघून म्हणाला. "मी एक वीट टाकली की हिने एकदा म्हणायचं. तिची आई रागावली, ऐकत नाही." त्याने चिखलाचं बोट ओल्या विटेवरच्या अक्षरावरून फिरवलं. वरून खाली, गाठीतून, आडवं. "हे आपलंच ना गं? त्या दिवशी निघालेलं?"

"हो, बाबा. तेच."

"तरीच. हात ओळखीचं म्हणत होता." त्याने मुकीकडे मान वळवली. "मग बरोबर म्हणतेय का ती? मला तर काही कळत नाही."

"बरोबर म्हणतेय," ती म्हणाली. "अगदी बरोबर म्हणतेय, बाबा."

"मग झालं तर." त्याने डोळ्यांत गेलेली धूळ मनगटाने पुसली. "आणि इथे वीट फुटतही नाही बघ. एकदा उन्हात टाकली की आठ-आठ दिवस वाळू देतात. कुणाला घाई नसते."

मुकी पुढे येऊन थांबली होती, रांगेच्या टोकाशी, पुढची वीट यायची वाट बघत. बाप पुन्हा वाकला, लगदा उचलला आणि साच्यात भरू लागला.